नाईक गुरुजींना मी सांगितलेला निकाल

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा ही गोष्ट मनात आली की मी पटकन दुसऱ्या कशाचा तरी विचार करतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता वय झालं, पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला म्हणून असेल. खरं कारण मलाही धड ठाऊक नाही.

सुरुवात कुठून करू? मी मूळचा चिपळूणकडचा. नोकरीनं नवी मुंबईत आलो, नेरूळला वन-रूम-किचन घेतलं आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला चिकटलो. दिवसभर ड्रम मोजायचे आणि संध्याकाळी — इथं माझी छाती जराशी फुगते, आजही फुगते, काय करणार — संध्याकाळी मी पत्रकार. मुंबईच्या एका दैनिकाच्या जिल्हा पानासाठी बातम्या पाठवायचो. नळाला पाणी नाही, अमुक सेक्टरात दिवे नाहीत, तमुक सोसायटीत हळदीकुंकू. आणि कबड्डी.

कबड्डीचं तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वसाहतीच्या आजूबाजूला खाडीकाठची जुनी गावं. जमिनी गेलेल्या, मिठागरं बंद पडलेली, पण मैदानं शाबूत. प्रत्येक गावात एक मंडळ, मुलांचा संघ, मुलींचाही संघ. जत्रेच्या दिवसांत स्पर्धा. आम्ही फ्लॅटवाले तिकडं फारसे जायचो नाही; गेलो तरी रुमालानं धूळ झटकत उभे राहायचो. मी जायचो, कारण बातमी मिळायची. आणि त्या मुलामुलींना माझी गरज असायची. का? तर खेळाडू कोट्यातली नोकरी. बँका, बंदर, मोठ्या कंपन्या आपापले संघ बांधायच्या आणि चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी द्यायच्या. पण अर्ज करायचा तर चांगलं खेळता हे दाखवणार कशावरून? सर्टिफिकेट काय, भाग घेतलेल्या प्रत्येकाला मिळतं. म्हणून कात्रणं लागायची. पेपरात छापून आलेल्या चार ओळी: अमुकच्या चढायांनी सामना फिरला, तमुकनं शेवटची पकड केली. प्रत्येक घरात एक प्लॅस्टिकची फाईल असायची आणि तिच्यात ती कात्रणं जपून लावलेली असायची. पंचमीला नागोबाची पूजा करावी तशी त्या फायलीची बडदास्त!

मला हे सगळं शिकवलं नाईक गुरुजींनी. ते त्यातल्याच एका गावच्या शाळेत शिक्षक, आणि दुसऱ्या एका दैनिकाचे माझ्यासारखेच अर्धवेळ बातमीदार. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. जुनी स्कूटर, खिशाला दोन पेनं, बोलायला कमी. मी पहिल्यांदा एका पोराचं नाव चुकवलं तेव्हा ते मला ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, ‘बातमी आपण उद्या विसरतो हो. त्यांच्या फायलीत ती जन्मभर राहते. नाव तपासत जा.’ आणखीही एक गोष्ट त्यांनी शिकवली. कुणी विश्वासानं बातमी सांगितली तर सांगणाऱ्याचं नाव कधीच, कुणालाच सांगायचं नाही. अगदी आपली मान अडकली तरी नाही. तेव्हा मी मान डोलावली होती. त्यांच्या त्या नियमाचा मला पुढं केवढा फायदा होणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं?

तर, वनिता. गुरुजींच्याच शाळेत शिकलेली, गावच्या संघातली चढाईपटू. काटक, सावळी, वेणी घट्ट आवळून वर बांधलेली. मैदानाबाहेर मान खाली घालून बोलणारी ही मुलगी मध्यरेषा ओलांडली की वेगळीच व्हायची. एका बँकेनं महिलांचा संघ बांधायला घेतलाय, पावसाळ्याआधी निवड आहे, ही बातमी साऱ्या गावांत पसरली होती. आमच्या भागातून एखादीच घेणार असंही कळलं होतं. वनिताच्या फायलीत दोन-तीन जुनी कात्रणं होती, आडगावच्या स्पर्धांची. एक मोठं कात्रण हवं होतं. एवढीच तिची गरज. सगळ्या गोष्टीत पणाला काय होतं म्हणाल तर हे एवढंच — एका मुलीची नोकरी.

आणि नेमक्या त्या वर्षी दिनेशशेठ आला.

दिनेशशेठ म्हणजे आमचा केबलवाला. गावचाच मुलगा, जमिनीच्या मोबदल्यातून डिश अँटेना घेतलेला, सोनसाखळी, पांढरे बूट, मनानं वाईट नाही. त्याला कल्पना सुचली की आठ गावांच्या मुलींच्या संघांची लीग भरवायची, सगळे सामने कॅमेऱ्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या केबलच्या चॅनलवर दाखवायचे. मध्ये बिल्डरांच्या जाहिराती. तेव्हा क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या हक्कांवरून मोठमोठ्या लोकांची भांडणं पेपरांत येत होती. तिथून त्यानं तो शब्द उचलला — हक्क. मंडळांच्या बैठकीत त्यानं सरळ अट घातली. सामन्यांचे हक्क त्याचे. टीव्हीवर दाखवून होईपर्यंत कुठल्याही पेपरात निकाल यायचा नाही. पेपरवाल्याला आत प्रवेश नाही, फोटोवाल्याला नाही. नाक्यावरच्या वार्ताफलकावर खडूनं स्कोअर लिहायचा नाही. मंडळं कबूलही झाली! टीव्हीवर आपल्या पोरी दिसणार म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?

आम्ही बातमीदार चिडलो. वाशीला एका हॉटेलात सगळे जमलो, चहावर चहा झाले. गुरुजी म्हणाले, सामना सगळ्यांसमोर होतो, मग बातमीवर कुणाची मालकी कशी? आत सोडत नाहीत तर बाहेर उभे राहू, पण छापू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. माझ्या पेपरनंही कळवलं, असल्या लीगशी आपला संबंध नको, पण बातमी मिळाली तर सोडायची नाही.

दोन दिवसांनी दिनेशशेठ माझ्या घरी आला. पेढे घेऊन. त्याचं बोलणं मला आजही जसंच्या तसं आठवतं — ‘बॉस, तुमी मराठी फर्स्टक्लास बोलता. माईक तुमी घ्या. टीव्हीवर तुमी. सगला नेरूळ बघंल.’

पैशाचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही. पैशासाठी केलं असतं तर निदान गरज होती असं तरी म्हणता आलं असतं. तेही नाही. मला नुसतं दिसायचं होतं. ड्रम मोजणारा माणूस हातात माईक घेऊन उभा आहे, समोर कॅमेरा आहे, आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, जो मला पार्किंगवरून घालूनपाडून बोलायचा, तो घरी बसून मला बघतोय. दिनेशशेठनं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणू का? छे, मी शिडी लावूनच बसलो होतो.

गुरुजींना काय सांगायचं? तेही मी लगेच जुळवलं. त्यांना म्हटलं, आपला एक माणूस आत असलेला बरा. मी आतून बघतो, बाहेर येऊन तुम्हाला सांगतो, तुम्ही छापा. माझ्या पेपरला मात्र यातलं काही कळवलं नाही. गुरुजींचा चेहरा उजळला. म्हणाले, ‘हे उत्तम झालं.’ माझ्यावर त्यांचा एवढा विश्वास होता, याचा मला तेव्हा किंचित रागच आला. असा राग येतो का कुणाला? मला आला.

लीग सुरू झाली. पहिल्या सामन्यांचे निकाल मी गुरुजींना दिले नाहीत. रोज काहीतरी कारण सांगायचो. आज उशीर झाला, आज दिनेशशेठ मागेच होता. ते म्हणायचे, असू द्या, फायनलला बघू. संध्याकाळी टीव्हीवर मी दिसायचो. नवा सफारी शिवला होता. सोसायटीतली मुलं जिन्यात माझी नक्कल करायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या. वनिताचा संघ जिंकत होता. माईकवर मी तिचं नाव घ्यायचो तेव्हा तिची आई म्हणे टीव्हीला हात लावून तो हात कपाळाला लावायची.

फायनल दिनेशशेठनं मोकळ्या मैदानावर ठेवलीच नाही. घाऊक मार्केटच्या मागच्या अंगाला एक रिकामं गोदाम होतं, कांद्याचा वास अजून न गेलेलं. तिथं त्यानं माती टाकून मैदान केलं, चारी बाजूंना बाकडी, पास असेल त्यालाच आत. सामन्यानंतर ऑर्केस्ट्रा आणि जेवण, तोपर्यंत शटर खाली, कुणी बाहेर जायचं नाही. सगळं निकाल फुटू नये म्हणून. मला त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, ‘उद्या संध्याकाली टीव्हीवर दाखवंपर्यंत भायेर एक शब्द जायला नको. पेपरान आधी आला, तर माज्या चॅनलला कोन बघनार? आनि भायेर जानारे तुमी एकलेच, बाकी सगले आत.’ मी बाहेर जाणारा एकटाच, कारण माईकवर बोलून घसा कोरडा व्हायचा आणि मागच्या दाराबाहेर नळ होता. ते शेवटचं वाक्य तो सहज बोलला. मी मात्र ते सहज घेतलं नाही.

तो सामना. काय सांगू? एका गुणानं वनिताचा संघ मागे होता आणि शेवटची चढाई राहिली होती. वनिता आत गेली. बोनसच्या रेषेपाशी एकीनं तिचा घोटा धरला, दुसरीनं कंबर, तिसरी अंगावर पडली. संपलं, असं वाटलं. मी माईकवर तसं म्हणालोही. आणि ती मुलगी — तिघींना अंगावर घेऊन — कोपरांवर सरकत सरकत आली. सरकत, थांबत, पुन्हा सरकत. तोंडानं कबड्डी कबड्डी चालूच. तिची बोटं मध्यरेषेला लागली. तीन गुण. गोदामाचे पत्रे हादरले. माझा आवाज फाटला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तसा खेळ मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. हे मी माईकवरसुद्धा म्हणालो. ते खरं होतं. त्या दिवशी मी बोललेली ती शेवटची खरी गोष्ट.

बक्षीस देण्याची तयारी चालू झाली आणि मी पाणी प्यायला मागच्या दारानं बाहेर आलो.

नळापाशी गुरुजी उभे होते. संध्याकाळपासून तिथंच. आतला आरडाओरडा त्यांनी ऐकला होता, पण कोण जिंकलं ते पत्र्याबाहेर कसं कळणार? त्यांच्या पेपरचं पान थोड्याच वेळात छपाईला जाणार होतं. कोपऱ्यावरच्या पीसीओवरून फोन करून बातमी सांगायची होती. ते अधीर झाले होते, पेन उघडून तयार. म्हणाले, ‘बोला. काय झालं?’

इथं थांबावंसं वाटतंय. आतापर्यंत जे सांगितलं ते सगळं सांगता येण्यासारखं होतं, नाही का? हौस, थोडा खोटेपणा, माणूस म्हणून चालतं. पुढचं चालत नाही.

खरं सांगितलं असतं तर? सकाळी छापून आलं असतं आणि दिनेशशेठला लगेच कळलं असतं, कारण बाहेर गेलेला मी एकटाच. माईक गेला असता. सांगता येत नाही म्हटलं असतं तर? तर गुरुजींना कळलं असतं की मी केव्हाच विकला गेलोय. हो, यातून तिसरी वाटही होती आणि ती मला क्षणात सुचली. कंपनीत ड्रमचा हिशेब जुळवायला अर्धा दिवस लागायचा मला, पण हे क्षणात सुचलं. उलटं सांगायचं. निकाल चुकीचा छापला गेला, तर आतल्या माणसानं फोडला असा संशय कुणाला येईल? आत असलेला माणूस चुकीचं का सांगेल?

मी म्हणालो, ‘गेली हो. शेवटच्या चढाईत वनिताची पकड झाली. मध्यरेषेच्या हातभर अलीकडे.’

हातभर अलीकडे. हे मी वर जोडलं. खोटं पटावं म्हणून बारकावा लागतो, हे मी बातमीदारीतच शिकलो होतो. गुरुजींनी लिहून घेतलं. मग म्हणाले, ‘अरेरे. चांगली खेळते हो पोरगी.’ आणि स्कूटर तिथंच ठेवून पीसीओकडे पळाले. त्या वयाचा माणूस पळताना कसा दिसतो ते मी पाणी पीत बघितलं.

सकाळी त्यांच्या पेपरात चार कॉलमी बातमी. वनिताचा संघ पराभूत, शेवटच्या चढाईत वनिताची पकड. गावात गोंधळ. पास घेऊन बघून आलेले एक सांगतायत, पेपर दुसरंच सांगतोय. खरं काय ते बघायला संध्याकाळी झाडून सगळे टीव्हीसमोर. दिनेशशेठ तर नाचायचाच बाकी होता. मला म्हणाला, पेपरवाल्यांची काय जिरली! टीव्हीवर वनिताची बोटं रेषेला लागली तेव्हा नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळे गुरुजींना हसले. न बघता लिहितात, म्हणाले. त्यांच्या पेपरनं त्यांना बोलावून घेतलं. ही माहिती कुठून आणली, नाव सांगा, असं विचारलं. त्यांनी नाव सांगितलं नाही. मी बघितलं नव्हतं तरी लिहिलं, चूक माझी, एवढंच म्हणाले. बातमीदारी गेली. हे मला आमच्यातल्याच एका बातमीदारानं हसत हसत सांगितलं, आणि मीही हसलो.

गुरुजी मला भेटायला आले नाहीत. जाब विचारला नाही. विचारला असता तर मी काय म्हणालो असतो? कित्येकदा मनात उत्तरं जुळवली. घाईत माझा गोंधळ झाला, तुम्ही ऐकण्यात चूक केली, असली. पण त्यांनी विचारलंच नाही, आणि माझी सगळी उत्तरं तशीच राहून गेली.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी आज हे लिहीत बसलो नसतो. कुणाच्या बातमीदारीचं काय, शिक्षकाची नोकरी होतीच त्यांना. असं मी स्वतःला समजावलंही.

पण बँकेची निवड आली. आमच्या भागातून दोघींना शेवटी बोलावलं. वनिता, आणि हरलेल्या संघाची कप्तान. ती मुलगी काही लबाड नव्हती, पण तिच्या काकानं तिच्या फायलीत ते कात्रण लावून दिलं होतं. साहेबापुढे दोन फायली. वनिताच्या फायलीत विजेत्या संघाचं सर्टिफिकेट, त्यावर दिनेशशेठच्या केबलचा शिक्का. दुसऱ्या फायलीत छापील पेपर, वनिताचा संघ हरला म्हणणारा. साहेब म्हणाला म्हणे, केबलवाल्याच्या शिक्क्याला काय अर्थ आहे? पेपरवाले कशाला खोटं छापतील? बोगस सर्टिफिकेटांचा तेव्हा सुळसुळाट होता. त्यानं वनिताला तोंडावर बोगस म्हटलं. वर उपकार केल्यासारखी आठवड्याची मुदत दिली. खरं असेल तर छापील काहीतरी आण.

कॅसेट होती की, तुम्ही म्हणाल. वनिता आधी तिथंच गेली. दिनेशशेठनं त्या कॅसेटवर कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग घेतलं होतं. त्याला वाईट वाटलं खरं. पण ज्याचे हक्क राखले होते तो सामनाच आता जगात कुठं शिल्लक नव्हता.

मग ती गुरुजींकडे गेली. गुरुजी तिच्याबरोबर त्यांच्या जुन्या संपादकाकडे गेले, चूक दुरुस्त करा म्हणून. त्यांना दारातूनच परत पाठवलं. आणि तरीही त्यांनी तिला माझं नाव सांगितलं नाही.

आणि मग ती माझ्याकडे आली. आईला घेऊन. आईनं वर्तमानपत्रात गुंडाळून सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, आणली होती. वनिता दारात चपला काढून उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, तुमी होते ना तिथं. तुमीच बोलले माईकवर. तवरा पेपरान लिवून द्या ना. साहेब बोलतो, छापील आन.’

आई म्हणाली, ‘माजे पोरीचा नाव तुमच्या तोंडान व्हता, आमी आयकला. सगल्यांनी आयकला. आता कागदान नको?’

पाच ओळी. माझ्या स्वतःच्या पेपरात, माझ्या हातानं, पाच ओळी. तिची नोकरी तेवढ्यावर होती आणि दारात उभ्या असलेल्या त्या दोघींनाही हे माहीत होतं, मलाही. पण त्या पाच ओळी पाठवल्या तर माझा संपादक विचारणार — तू आत काय करत होतास? आपण बहिष्कार घातलेल्या लीगचा माईक तुझ्या हातात कसा? इतके दिवस गप्प का? आणि मग ते चुकीचं छापलेलं कुणी सांगितलं, हेही आज ना उद्या निघणार. पुढच्या वर्षीची लीगही डोळ्यांपुढे होतीच, नाही म्हणत नाही.

मी म्हणालो, बघतो.

मराठीत ‘बघतो’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांना मात्र ते खरं वाटलं. वनिता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी म्हटलं, पाठवलंय, येईल. पाठवलं नव्हतं. तिचा भाऊ रोज पहाटे स्टेशनसमोरच्या स्टॉलवर जाऊन माझा पेपर घ्यायचा, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत चाळायचा. हे मला स्टॉलवाल्यानंच सांगितलं. मग मी म्हटलं, जाहिराती आल्या, संपादकानं कापलं, उद्या नक्की. रात्री कागद पुढे घ्यायचो, तिचं नाव लिहायचो, आणि हात थांबायचा. हात थांबला म्हणतो, पण हाताला दोष कशाला? मीच थांबायचो. मुदत संपली त्या दिवशी ती आली नाही. मला हायसं वाटलं. होय. हायसं.

बँकेनं दुसऱ्या मुलीला घेतलं. वनितानं त्या वर्षी खेळ सोडला. पुढं उरणकडे कंटेनरच्या एका गोदामात रोजावर लागली, मालाच्या गोण्या मोजायला. तिचं लग्नही तिकडंच झालं. मी माईक पुढच्या वर्षीही घेतला. नंतर दिनेशशेठला दुसरा कुणी चांगला बोलणारा सापडला आणि मला न सांगताच त्यानं मला बदललं.

आता शेवटचं. काही वर्षांनी वनिताच्या भावाची हळद होती. तोच, पहाटे स्टॉलवर जाणारा. बोलावणं आलं आणि मी गेलो. का गेलो? नाही गेलो तर लोक काय म्हणतील, म्हणून. मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. वनिता माहेरी आली होती, हातात पातेलं घेऊन वाढत होती, अंगानं भरली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला. माझ्या शेजारच्यांना ती मोठ्यानं सांगायला लागली, ‘यो सर. यांनी माजा खेल पायला. माजा नाव टीवीवर यांनी घेतला. माज्यासाठी पेपरान किती धावले, पन त्यांच्या साहेबानी छापला नाय.’

आणि मग तिनं पातेल्यातल्या डावानं समोरच्या पंगतीकडं खूण केली. तिथं नाईक गुरुजी बसले होते. नवरदेव त्यांचा विद्यार्थी, म्हणून आलेले. केस पूर्ण पांढरे झालेले. ती म्हणाली, ‘आनि यो आमचा मास्तर. शिकवला बी यानीच, आनि माजा वाटोला बी यानीच केला. न बगता खोटा छापला.’ ती काही हळू बोलली नाही.

गुरुजींनी वर बघितलं. तिच्याकडं नाही, माझ्याकडं. रागानं नाही. फक्त बघितलं, बराच वेळ. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येत असतं आणि मास्तर थांबून वाट बघतात, तसं. मी काही बोलेन म्हणून ते थांबले असतील का? मला वाटतं, थांबले होते. मग त्यांनी ताट अर्ध्यावर ठेवलं, उठले, नळावर हात धुतले आणि कुणाचाही निरोप न घेता मांडवाबाहेर गेले.

वनिता माझ्याकडे वळली आणि माझ्या ताटात आणखी मासे वाढायला लागली. मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणालो, ‘पुरे.’

त्या दिवशी मी एवढंच बोललो. मग खाली मान घालून ताट संपवलं.